आयन रँडच्या ‘सेल्फिशनेस’ला स्वार्थ म्हणू नये

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेले काही आठवडे आयन रँड या अमेरिकन कादंबरीकार आणि विचारवंत लेखिकेवरून वाद चालू आहे. एका बाजूचे म्हणणे, ही बाई स्वार्थ शिकवते, तिची पुस्तके कॉलेजच्या पोरांच्या हाती पडू देऊ नयेत. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, आयुष्यात पुढे जायचे तर तिने सांगितल्याप्रमाणे आधी आपले बघायला शिकले पाहिजे. भांडण जोरात आहे, पण दोघेही एकाच चुकीवर उभे आहेत. दोघांनीही ‘सेल्फिशनेस’चे मराठी ‘स्वार्थ’ असे करून टाकले आणि मग एकाने त्या मराठी शब्दाशी वैर धरले, दुसऱ्याने सोयरीक केली. रँडने जे लिहून ठेवले आहे ते तिसरेच आहे.

ते समजायला ‘द फाउंटनहेड’मधला पीटर किटिंग नीट पाहावा. बारा प्रकाशकांनी परत पाठवलेली ही कादंबरी १९४३ मध्ये अमेरिकेत निघाली. तिचे चार भाग आहेत आणि प्रत्येकाला एकेका पुरुषाचे नाव आहे: पीटर किटिंग, एल्सवर्थ टूही, गेल वायनंड, हॉवर्ड रोर्क. नायक रोर्क, पण त्याचे नाव शेवटच्या भागाला. पहिला मान किटिंगचा. हा आर्किटेक्चरच्या वर्गात पहिला आलेला, देखणा, सगळ्यांना हवाहवासा मुलगा. खरे तर त्याला चित्रकार व्हायचे होते, पण आईने त्याला आर्किटेक्चरकडे वळवले. पदवी मिळते त्या दिवशी पॅरिसची शिष्यवृत्ती घ्यावी की न्यूयॉर्कच्या नामांकित फर्ममध्ये नोकरी धरावी, हे तो रोर्कला विचारतो. रोर्कला त्याच संस्थेतून नुकतेच काढून टाकलेले आहे. तो सांगतो, आपल्या कामाबद्दल लोकांना कधी विचारू नकोस. आपल्याला काय हवे हेच माहीत नसेल तर तू जगतोस कसा? हे उत्तर पचायच्या आत आई येते आणि ‘तुझे तूच ठरव’ म्हणत म्हणत त्याला नोकरीकडे ढकलते. बारावीचा निकाल लागला की सांगलीत विश्रामबागला किंवा साताऱ्यात पोवई नाक्याजवळ कितीतरी घरांत हेच संभाषण जवळपास त्याच शब्दांत चालते.

पुढे किटिंग काय करतो? फर्ममधल्या म्हाताऱ्या भागीदाराला जुने प्रकरण बाहेर काढण्याची धमकी देतो. त्या धक्क्याने म्हातारा जातो आणि किटिंग भागीदार होतो. मोठ्या स्पर्धेचा आराखडा रोर्ककडून करून घेतो आणि बक्षीस आपल्या नावावर लावतो. जिच्यावर खरे प्रेम आहे त्या केटीला सोडून मालकाच्या मुलीशी, डॉमिनिकशी, लग्न करतो. अशा माणसाला आपण आपमतलबी म्हणतो, पक्का स्वार्थी म्हणतो. रँड म्हणते, या माणसाकडे ‘स्व’च नाही. त्याला पैसा हवा तो लोक पैशाला मान देतात म्हणून, मोठेपण हवे ते लोकांनी मोठे म्हणावे म्हणून, बायको हवी ती दुसऱ्यांनी हेवा करावा म्हणून. त्याने आयुष्यात स्वतःसाठी अशी एकही गोष्ट केलेली नाही. स्वतःसाठी हव्या असलेल्या दोनच गोष्टी होत्या, चित्रे आणि केटी. त्या दोन्ही त्याने लोकांच्या पायी सोडून दिल्या.

चौथ्या भागात हा किटिंग चाळिशीला टेकलेला, धंद्यातून उतरलेला, रोर्ककडे येतो. गेले काही दिवस तो चोरून चित्रे काढतो आहे. ती तो रोर्कपुढे ठेवतो. रोर्क एकेक कॅनव्हास बराच वेळ बघतो आणि म्हणतो, आता उशीर झाला, पीटर. किटिंग मान हलवतो. हे त्यालाही ठाऊक असते. तो गेल्यावर रोर्कच्या मनात जे येते ते दया आहे, असली दया त्याला यापूर्वी कधी वाटलेली नाही. या भावनेला जग सद्गुण म्हणत असेल तर जगात काहीतरी फार मोठे चुकले आहे, असे त्याला वाटते. ‘दुसऱ्याचे काढून घ्या’ असे सांगणाऱ्या लेखिकेला हे पान लिहिता आले नसते. आपल्या सदरातल्या दुसऱ्या बाजूच्या पत्रांत यशाची जी व्याख्या दिली आहे, ती शब्दशः किटिंगची आहे.

आता शब्दाकडे. ‘द व्हर्च्यू ऑफ सेल्फिशनेस’ हा लेखसंग्रह १९६४ चा. प्रस्तावनेतच रँड सांगते की आपण हा शब्द ‘स्वतःच्या हिताची काळजी’ एवढ्याच अर्थाने घेतो. ते हित कशात आहे हे त्या शब्दात सांगितलेले नाही, ते नीतिशास्त्राने शोधायचे. मराठीत अडचण अशी की ‘स्वार्थ’ शब्दाची फोड तीच होत असली तरी तो एकटा येत नाही, ‘परमार्था’च्या जोडीने येतो. आणि बोलण्यात तर ‘त्याने आपला स्वार्थ साधला’ म्हटले की कुणाच्या तरी ताटातले ओढले असे गृहीतच असते. रँडची अट नेमकी उलट आहे: स्वतःचा बळी दुसऱ्यासाठी द्यायचा नाही आणि दुसऱ्याचा बळी स्वतःसाठी घ्यायचा नाही. अटीचा दुसरा अर्धा भाग ‘स्वार्थ’ या शब्दात मावतच नाही. त्यापेक्षा आपल्याकडे जुना, स्वच्छ शब्द आहे: हित. ‘आपुलिया हिता जो असे जागता, धन्य मातापिता तयाचिया’ असे तुकोबांनी म्हटले तेव्हा कुणी त्यांना स्वार्थी म्हटले नाही. तुकोबांचे हित विठ्ठलभक्तीत आणि रँडचे हित बुद्धीने जगण्यात. दोघांची गाठ पडणे अवघड आहे, रँड तर उघड नास्तिक. पण आपल्या हिताविषयी जागे असणे ही अभिमानाची गोष्ट आहे, हे सांगायला मराठीत शब्द आहे, आणि तो ‘स्वहित’ आहे.

शब्दांची ही गफलत खुद्द रँडच्याही हातून झाली होती. रोर्कच्या कोर्टातल्या भाषणात तिने ‘इगोटिस्ट’ शब्द वापरला. तिला म्हणायचे होते ‘इगोइस्ट’. पहिला म्हणजे आत्मप्रौढी मिरवणारा, दुसरा म्हणजे स्वहित हे नैतिक मानणारा. चुकीच्या शब्दकोशाने घात केला असे तिने पंचवीस वर्षांनी, १९६८ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत कबूल केले आहे. म्हणून अनुवादात दोन्हींसाठी ‘अहंकारी’ लिहिणे ही केवळ ढिलाई नव्हे, लेखिकेने स्वतः दुरुस्त केलेली चूक पुन्हा करणे आहे.

अशीच गाठ ‘त्याग’ या शब्दाची. ‘ॲटलास श्रग्ड’ या तिच्या पुढच्या कादंबरीत नायक जॉन गॉल्ट म्हणतो, जास्त मोलाचे देऊन कमी मोलाचे घेणे म्हणजे त्याग. उदाहरण आईचे आहे. स्वतःला हॅट घेण्याऐवजी आईने भुकेल्या लेकराला खाऊ घातले तर तो त्याग नव्हे, कारण तिला लेकरू हॅटपेक्षा मोलाचे आहे. जिला हॅट जास्त प्रिय आहे आणि जी केवळ कर्तव्य म्हणून लेकराला घास देते, तिच्यापुरता तो त्याग. ही व्याख्या डोक्यात न ठेवता रँड वाचली की ती राक्षसीण वाटते, कारण आपण ‘आईचा त्याग’ म्हणतो तेव्हा पहिल्या आईबद्दल बोलत असतो.

हीच व्याख्या आपल्या मातीतल्या माणसाला लावून पाहावी. गोपाळ गणेश आगरकर १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मले. एम.ए. होत असताना त्यांनी आईला कळवले की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरते मिळवून बाकी वेळ लोकहिताला देणार आहे. बुद्धीला पटेल तेच बोलायचे या हट्टापायी त्यांना जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली. व्यक्तिस्वातंत्र्याचा इतका कडवा मराठी लेखक दुसरा दाखवणे कठीण, आणि गरिबी पत्करणाराही तोच. मग हा त्याग की स्वहित? रँडच्या व्याख्येने त्याग नाही. पगारापेक्षा सुधारणा त्यांना मोलाची होती आणि त्यांनी मोलाचे तेच घेतले. इथे व्याख्या कामी येते, पण तिची कमकुवत जागाही इथेच दिसते. माणसाने मनापासून निवडले ते सगळेच स्वहित ठरू लागले, तर तो शब्द कशालाच नाही म्हणणार नाही. रँडचे उत्तर असे की मोल बुद्धीने ठरवलेले हवे, लहरीने नव्हे. ‘बुद्धीने’ म्हणजे कसे, हे तिने सर्वांत नेटके ‘द ऑब्जेक्टिव्हिस्ट एथिक्स’ या १९६१ च्या भाषणात सांगितले आहे. त्यात ती अमर, न मोडणाऱ्या यंत्रमानवाची कल्पना करते: ज्याला मरण नाही, इजा नाही, त्याला कशाचेच मोल वाटणार नाही, म्हणजे मोल हे जगण्या-मरण्याच्या प्रश्नातूनच जन्मते. इथवर पटते. तिथून ‘म्हणून प्रत्येकाने इतरांचे हक्क पाळावेत’ इथपर्यंतची उडी तिने जितकी सोपी मानली तितकी ती नाही, आणि रॉबर्ट नोझिकसारख्या मुक्त बाजाराच्या कैवाऱ्यानेही १९७१ मध्ये त्यावर बोट ठेवले.

अनुवादाचा सर्वांत अवघड नमुना ‘अँथम’ आहे. शंभरेक पानांची ही गोष्ट १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये आणि सुधारून १९४६ मध्ये अमेरिकेत निघाली. त्या जगात ‘मी’ हा शब्दच पुसला गेला आहे. इक्वॅलिटी ७-२५२१ नावाचा रस्ते झाडणारा तरुण जमिनीखालच्या जुन्या बोगद्यात विजेचा दिवा पुन्हा शोधून काढतो, विद्वानांच्या सभेपुढे ठेवतो, आणि सभा घाबरते, कारण दिव्याने मेणबत्ती खात्याचे काम बुडेल. हे सगळे तो ‘आम्ही’ करून सांगतो. इंग्रजीत एकट्या माणसाच्या तोंडी तो अनेकवचनी शब्द पानोपानी खटकतो, आणि तो खटकणे हेच पुस्तकाचे बळ आहे.

मराठीत काय होते पाहा. एकट्याने ‘आम्ही’ म्हणणे आपल्याला मुळीच खटकत नाही. राजा आम्ही म्हणतो, संत आम्ही म्हणतात, जुना संपादक अग्रलेखात आम्ही म्हणत असे. ज्या शब्दाने माणूस चिरडला जायचा, तोच मराठीत रुबाबदार होतो. नायिकेला इंग्रजीत ‘दे’ म्हटले आहे. मराठीत ‘त्या’ लिहिले की तो नुसता आदर. दोघे एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणू लागले की जुन्या वळणाचे नवरा-बायको वाटतात. शिवाय ‘आपण’ वापरावे की ‘आम्ही’ हा प्रश्न आहेच. ‘आपण’मध्ये ऐकणारा आत येतो, ‘आम्ही’त तो बाहेर राहतो, आणि इंग्रजीला हा भेद माहीत नाही. यावर तोड अशी: सभेच्या आज्ञा आणि घोषणा ‘आपण’ने लिहाव्यात, कारण त्यांत कुणालाच बाहेर राहू द्यायचे नाही. निवेदन मात्र ‘आम्ही सगळे’ असे लिहावे. ‘आम्ही सगळे या बोगद्यात एकटे आहोत’ हे वाक्य मराठी कानाला बोचते, आणि तेच हवे आहे. शेवटी नायिका ‘आम्ही सगळ्यांचे तुम्हा सगळ्यांवर प्रेम आहे’वरून चाचपडत ‘माझे तुझ्यावर’ इथे पोहोचली, तर इंग्रजीपेक्षा मराठीत जास्त मिळते, कारण ‘तुम्ही’चा ‘तू’ होतो. आणखी एक फायदा: ‘आम्ही करतो’ यात बाई-पुरुष कळत नाही, ‘मी करतो, मी करते’ म्हणताच कळते. पुस्तकाच्या शेवटी दगडात कोरायचा जो शब्द आहे, त्याचे मराठी ‘अहं’ नको. साधे ‘मी’ पुरे.

एवढा राग तिला ‘आम्ही’चा का, हे तिच्या चरित्रात आहे. २ फेब्रुवारी १९०५ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्म, वडिलांचे औषधांचे दुकान क्रांतीनंतर सरकारजमा, विद्यापीठात इतिहासाचे शिक्षण, १९२६ मध्ये अमेरिका. ‘वुई द लिव्हिंग’ (१९३६) त्या रशियाची कादंबरी आहे. तिच्यातला सर्वांत उमदा माणूस आंद्रेइ हा कम्युनिस्ट आहे. विरोधकाला इतके मोठे मन तिने पुढे कधीच दिले नाही.

‘ॲटलास श्रग्ड’ (१९५७) हजारापेक्षा जास्त पानांची. भागांची नावे ॲरिस्टॉटलच्या तर्कनियमांवरून: विरोधाला जागा नाही, हे तरी नाहीतर ते तरी, आणि अ म्हणजे अ. ती भांडवलदारांची पोथी म्हणून ओळखली जाते, पण तिच्यातले सर्वांत खरे प्रकरण रेल्वेच्या एका बोगद्याचे आहे. ते दुसऱ्या भागाच्या सातव्या प्रकरणात येते. कोलोरॅडोतला आठ मैलांचा बोगदा, हवा खेळत नाही, म्हणून कोळशाचे इंजिन प्रवासी गाडीला लावून आत न्यायचे नाही हा जुना नियम. रेल्वे चालवणाऱ्या नायिकेने, डॅग्नी टॅगर्टने, बोगद्यापाशी एक जादा डिझेल इंजिन कायम ठेवलेले असे. ती राजीनामा देऊन गेली. तिच्या जागी आलेल्या साहेबाने ते इंजिन एका सरकारी पाहुण्याच्या खास गाडीला देऊन टाकले. रूळ तुटून कॉमेट एक्स्प्रेसचे इंजिन निकामी होते. गाडीत एक पुढारी आहे, त्याला सभेला वेळेत पोहोचायचे आहे. तो वर तार करतो. वरचा साहेब खालच्याला फोन करतो: ‘सुरक्षितपणे, पण विनाविलंब सोय करा.’ कोळशाचे इंजिन लावा असे कुणीच म्हणत नाही. खालचा अधिकारी त्याच्या खालच्यावर ढकलतो आणि कामाचे निमित्त काढून निघून जातो. बिल ब्रेंट नावाचा एकच कर्मचारी सही करायला नकार देतो आणि नोकरी सोडून चालू लागतो. शेवटी सही एका पोरगेल्या कारकुनाची होते, इंजिन चालवायला दारू प्यायलेला ड्रायव्हर मिळतो, आणि गाडी धुराने भरलेल्या बोगद्यात जाते. तोंडी आदेश वरून, लेखी जबाबदारी खालून: सरकारी असो, सहकारी असो, खासगी असो, कुठल्याही कचेरीत टेबलामागे बसणाऱ्याने हे प्रकरण एकदा वाचावे.

आणि याच प्रकरणात रँडचे सर्वांत वाईट पान आहे. गाडी आत शिरण्याआधी ती डब्याडब्यातल्या प्रवाशांची ओळख करून देते: हा प्राध्यापक असे शिकवायचा, ती बाई असे मत द्यायची. म्हणजे आता जे होणार त्याला हे जबाबदार. त्यांतल्या एका बर्थवर दोन मुले झोपलेली आहेत, त्यांच्या आईचा नवरा सरकारी नोकरीत आहे म्हणून तीही यादीत. मुलांचा गुन्हा काय हे पुस्तक सांगत नाही. तिच्या साऱ्या लिखाणात लहान मुले, अंथरुणाला खिळलेली माणसे, म्हातारे आईबाप जवळजवळ नाहीतच. व्यक्ती स्वतःच्या पायावर उभी असते हे सांगताना, ती उभी राहीपर्यंतची वीस वर्षे तिने वगळली आहेत.

दुसरी फट पायाभूत गोष्टींची. तिच्या कादंबरीत रेल्वेचा संस्थापक नॅट टॅगर्ट सरकारी कर्ज देऊ करणाऱ्याला तीन जिने खाली फेकतो. अमेरिकेत जेम्स हिलची ग्रेट नॉर्दर्न सरकारी जमिनीवाचून बहुतांशी उभी राहिली हे खरे, पण पहिली खंडपार रेल्वे १८६२ च्या कायद्याने मिळालेल्या जमिनीवर आणि रोख्यांवर उभी राहिली. आपल्याकडचे उदाहरण तर पलूसजवळ आहे. लोखंडाने जमिनीला विष चढते म्हणणाऱ्या शेतकऱ्यांना लोखंडी नांगर विकणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे रँडच्या कुठल्याही नायकाच्या पंगतीला बसतील. बेळगावातून उठावे लागल्यावर १९१० मध्ये कुंडलच्या माळावर त्यांनी कारखाना काढला. ती जमीन औंध संस्थानच्या राजांनी दिली, वर कर्जही दिले. कर्तृत्व लक्ष्मणरावांचेच; पण राजाचा हात वगळून ती गोष्ट सांगता येत नाही. रँडच्या जगात मात्र मदतीचा प्रत्येक हात खिसा कापणाऱ्याचा असतो.

तिसरी गोष्ट पाण्याची. ‘ॲटलास’मधले कर्ते लोक संप करून कोलोरॅडोच्या डोंगरात एका दरीत जाऊन राहतात. दरी एकाच्या मालकीची, बाकीचे तिथे जागा घेऊन राहतात, प्रत्येक गोष्टीचा मोबदला सोन्यात. त्या दरीला वरचे गाव नाही आणि खालचे गाव नाही. कृष्णाकाठच्या वाचकाला ही उणीव पहिल्यांदा दिसेल. वर कोयना, खाली अलमट्टी, मध्ये आपण. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले; धोक्याची पातळी ४५. त्या पाण्याला कुणाच्या सातबाऱ्याशी देणेघेणे नव्हते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांचे पाणीही एकेकट्याने खासगी करारातून आटपाडीला, जतला नेले असते असे कुणी म्हणू शकणार नाही. तिच्या राज्यव्यवस्थेत सरकारला फक्त तीन कामे: पोलीस, सैन्य, न्यायालये.

महापुरात तिचे काय म्हणणे पडेल, हे मात्र तिने लिहून ठेवले आहे आणि ते तिच्या टीकाकारांना वाटते तसे नाही. ‘द एथिक्स ऑफ इमर्जन्सीज’ या १९६३ च्या लेखात ती म्हणते, बुडणाऱ्या परक्या माणसाला, स्वतःच्या जिवाला मोठा धोका नसेल तर, वाचवावे; प्रिय माणसासाठी तर जीवही पणाला लावता येतो, कारण त्याच्यावाचून जगणे कमी मोलाचे. पण पूर ओसरला, माणसे किनाऱ्याला लागली की ज्याने त्याने आपापले बघावे. आजारपण आणि गरिबीला ती आणीबाणी मानत नाही, नेहमीच्या जगण्यातली जोखीम मानते. हरिपूर किंवा भिलवडीत घरातला गाळ काढायला जे आठवडे लागतात, ते आणीबाणीत धरायचे की नेहमीच्या जगण्यात? तिची रेघ इथे पुसट होते, आणि तिच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न टाळू नये.

जिथे ती बरोबर आहे तिथेही तेवढेच नेमके बोलावे. ‘ॲटलास’मध्ये एक नियम येतो: एका भागात जी रेल्वे आधी आली तिलाच धंदा, नवीन येणाऱ्याने माघार घ्यायची, नाव मात्र ‘घातक स्पर्धा रोखण्या’चे. दोन साखर कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतराची अट आणि पूर्वीची झोनबंदी ज्यांना आठवते, त्यांना हा नियम परका वाटणार नाही. ऊस कुणाला घालायचा हे शेतकऱ्याने ठरवायचे की नकाशाने, हाच तो वाद. आणि सहकार म्हणजे रँडला शत्रू, हेही खोटे. शेअर भरून, राजीखुशीने एकत्र आलेल्या सभासदांवर तिचा आक्षेप असण्याचे कारण नाही. आक्षेप सक्तीवर आणि दुसऱ्याच्या पैशावर.

एक गाठ आपल्या आर्किटेक्ट वाचकांसाठी. ‘फाउंटनहेड’मध्ये रोर्क कोर्टलँड या स्वस्त घरांच्या वसाहतीचा आराखडा किटिंगला, स्वतःचे नाव आणि फी न घेता, काढून देतो, अट एकच: काढली तशी बांधायची. ती बदलून बांधतात आणि तो सुरुंग लावतो. ज्यूरी त्याला सोडते. पण इमारत त्याच्या मालकीची नव्हती, करार होता तो किटिंगशी. मालमत्तेचा हक्क सर्वांत वर मानणाऱ्या लेखिकेने हे कसे बसवले, हा प्रश्न विचारायलाच हवा. आपल्याकडे २०१७ मध्ये दिल्लीच्या प्रगती मैदानावरचा हॉल ऑफ नेशन्स पाडला, तेव्हा त्याचे आर्किटेक्ट राज रेवल कोर्टात गेले. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मालकाचा पाडण्याचा हक्क मान्य केला. रँडचे तत्त्व त्या निकालाच्या बाजूने, आणि तिची कादंबरी रेवलांच्या.

आता वाचण्याचा क्रम, कारण बहुतेकांचे गाडे इथेच अडते. सुरुवात ‘ॲटलास’पासून करू नये. तिसऱ्या भागाच्या सातव्या प्रकरणात गॉल्टचे रेडिओवरचे भाषण साठेक पानांचे आहे. ते लिहायला तिला दोन वर्षे लागली आणि वाचक तिथे हमखास पुस्तक मिटतो. आधी ‘अँथम’, एका संध्याकाळी होते. मग ‘वुई द लिव्हिंग’. तिची १९३६ ची आणि १९५९ ची आवृत्ती वेगळी आहे, नंतरची सुधारलेली, म्हणून कुणाच्या लेखातला उतारा जुळला नाही तर आधी आवृत्ती पाहावी. मग ‘फाउंटनहेड’ पूर्ण. पहिल्या भागावर थांबणाऱ्याला तो बांधकाम खात्यातला कलह वाटतो, आणि गेल वायनंड भेटतच नाही. डॉमिनिक आणि रोर्क यांच्या पहिल्या शारीरिक प्रसंगात बळजबरी आहे. तिला सारवून नेणारे समर्थन मान्य करू नये. त्यानंतर ‘द ऑब्जेक्टिव्हिस्ट एथिक्स’ एवढा एकच लेख, आणि मग ‘ॲटलास’. भाषण एका बैठकीत वाचू नये. बुद्धी आणि जगणे, त्याग, श्रद्धेचे आणि बळाचे उपासक, हक्क आणि सरकार, असे तुकडे पाडून दिवसाला एक घ्यावा आणि प्रत्येकापुढे समासात ‘पटले’ किंवा ‘का?’ लिहावे.

‘फाउंटनहेड’ आणि ‘ॲटलास श्रग्ड’ या दोन्ही कादंबऱ्या मुग्धा कर्णिक यांनी मराठीत आणल्या आहेत. एवढ्या आकाराचे काम एकट्या अनुवादकाने पेलले याची नोंद आपल्या सदरातल्या एकाही पत्राने घेतली नाही. वाचनालयात शोधताना नाव ‘ॲन’ नसून ‘आयन’ आहे हे ध्यानात ठेवावे. तालिकेत दोन्हीकडे पाहावे लागते.

रविवारच्या पुरवणीत तिचा उतारा छापण्याचा आपला विचार असल्याचे कळले. परवानगी घेऊन छापावा, पण गॉल्टची ‘दुसऱ्यासाठी जगणार नाही, दुसऱ्याला माझ्यासाठी जगायला सांगणार नाही’ ही शपथ छापू नये. ती चारचौघांना आधीच पाठ आहे. किटिंग चित्रे घेऊन रोर्ककडे येतो तेवढी दोन-तीन पाने छापावीत, कॅनव्हास टेबलावर ठेवल्यापासून तो जिना उतरेपर्यंत.

आपला,
एक वाचक
विश्रामबाग, सांगली